साठ अभ्यासक्रम

इ. स. १९१३ चा जुलै महिना होता. न्यूयॉर्कच्या बंदरात बावीस वर्षांचा एक भारतीय तरुण आगबोटीतून खाली उतरला. घर हजारो मैल मागे राहिले होते. समोर होते एक अफाट शहर आणि त्या शहरातील एक मोठे विद्यापीठ. तेथील वर्ग शरद ऋतूत सुरू व्हावयाचे होते. त्यापूर्वी त्या तरुणाला एका प्रश्नाचे उत्तर ठरवावयाचे होते. आपण येथे काय शिकावयाचे?

हा तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. पुढे ज्यांना सारा देश डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून ओळखू लागला, तेच हे. त्या दिवशी मात्र ते कोणी पुढारी नव्हते की पंडित नव्हते. मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची पदवी मिळवलेले ते एक विद्यार्थी होते.

नवा अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात काही अपेक्षा असतात. कोणता विषय सोपा जाईल, कोणते गुरुजी प्रेमळ असतील, कोणत्या विद्येने चांगली नोकरी मिळेल, असे विचार कोणाच्याही मनात येतात. त्यांत गैर काही नाही. परंतु भीमरावांच्या अपेक्षा एवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. त्यांनी आपल्याबरोबर एक प्रश्न आणला होता. तो त्यांना कोणत्याही पुस्तकाने दिलेला नव्हता. त्यांच्या बालपणाने दिलेला होता.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. त्यांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. पुढे हे कुटुंब साताऱ्यास राहावयास आले. तेथील शाळेत भीमराव जाऊ लागले. पण वर्गात इतर मुलांच्या बरोबरीने बसण्याची त्यांना मुभा नव्हती. अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्म झाल्यामुळे त्यांना एका कोपऱ्यात गोणपाटावर बसावे लागे. ते गोणपाट रोज घरून आणावयाचे आणि रोज परत न्यावयाचे. तहान लागली, तर नळाला हात लावण्याची सोय नव्हती. शाळेच्या शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला, तर पाणी नाही! उन्हाळ्याच्या दिवसांत तहानेने घसा कोरडा पडलेला एखादा मुलगा भरल्या नळाजवळ उभा आहे आणि त्याला पाणी घेता येत नाही, ही गोष्ट डोळ्यांसमोर आणून पाहावी, म्हणजे त्या प्रश्नाचे मूळ कळेल. हे असे का? हाच तो प्रश्न होता.

मुंबईस आल्यावर एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकावयाचे होते. पण त्यांना तो विषय घेऊ देण्यात आला नाही. त्यांनी फारशी घेतली. परळ भागातील चाळीत सारे कुटुंब एका खोलीत राहत असे. त्या गजबजाटात अभ्यास कसा व्हावयाचा? वडिलांनी त्यावर तोड काढली. मुलाने रात्री लवकर निजावे आणि वडिलांनी त्याला रात्री दोनच्या सुमारास उठवावे. घर शांत असताना दिव्याच्या उजेडात भीमराव वाचीत बसत. इ. स. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. या यशाबद्दल कृष्णराव अर्जुन केळुसकर या थोर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले.

पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. तिच्या आधारे एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण पार पडले. पदवी हाती आली आणि ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. परंतु थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींनी देह ठेवला. ज्या वडिलांनी मध्यरात्री उठवून मुलाला अभ्यासास बसविले, त्यांना त्याचे पुढील यश पाहावयास मिळाले नाही.

अशा दुःखाच्या काळातच एक दार उघडले. सयाजीराव महाराज काही होतकरू विद्यार्थ्यांना अमेरिकेस पाठविणार होते. भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी एका करारावर सही केली. दरमहा साडेअकरा पौंड याप्रमाणे तीन वर्षे शिष्यवृत्ती मिळावयाची होती. तिची मुदत १५ जून १९१३ ते १४ जून १९१६ अशी होती. शिक्षण संपल्यावर भीमरावांनी दहा वर्षे बडोदे संस्थानची सेवा करावयाची होती. म्हणजे न्यूयॉर्कला पाऊल ठेवण्यापूर्वीच त्यांच्या दिवसांचा हिशेब सुरू झाला होता. तीन वर्षे! त्यांतील एकही दिवस पुन्हा मिळणार नव्हता.

ते विद्यापीठ म्हणजे न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. त्याची स्थापना इ. स. १७५४ मध्ये झाली. मुंबईचे विद्यापीठ त्या मानाने बरेच तरुण, ते इ. स. १८५७ मध्ये स्थापन झाले. कोलंबियाच्या आवारात मधोमध घुमटाची एक भव्य इमारत होती. ते त्या वेळचे ग्रंथालय. घुमटाखालच्या विस्तीर्ण गोल दालनात विद्यार्थी वाचीत बसत. तेथे प्रवेश करताना कोणी कोणाला जात विचारीत नव्हते. हवे ते पुस्तक मागावे आणि मेजावर बसून वाचावे. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात व क्लबात सर्वांनी एकाच मेजाभोवती बसून जेवावे, हाही अनुभव भीमरावांना नवा होता. ज्या कॉलेजात ते मुंबईस शिकले होते, तेथील उपाहारगृहाचा चालक त्यांना चहा किंवा पाणीसुद्धा देत नसे. त्या आठवणीपुढे हे साधे जेवणाचे मेजही त्यांना केवढा धडा वाटला असेल!

न्यूयॉर्कला पोचल्यावर थोड्याच आठवड्यांत त्यांनी आपल्या वडिलांच्या एका मित्राला पत्र लिहिले. आईबाप मुलांना केवळ जन्मच देत नाहीत, त्यांचे आयुष्य घडविणेही त्यांच्याच हाती असते. मुलांच्या बरोबरीने मुलींनाही शिकविले, तर आपल्या समाजाची प्रगती झपाट्याने होईल, अशा अर्थाचा मजकूर त्या पत्रात होता. वर्ग नुकते सुरू व्हावयाचे होते. स्वतःचे पुस्तक अजून उघडले नव्हते, तोच या विद्यार्थ्याला घरी राहिलेल्यांच्या शिक्षणाची आठवण झाली! आपण जे शिकू, ते आपल्यापुरते नाही, ही जाणीव त्यांच्या अपेक्षांच्या मुळाशी होती.

मुंबईच्या विद्यापीठात त्या काळी ठराविक पुस्तके नेमलेली असत. ती वाचावयाची आणि शेवटी परीक्षा द्यावयाची, असा शिरस्ता होता. कोलंबियातील पद्धत निराळी होती. तेथे प्रत्येक विषयात अनेक अभ्यासक्रम असत व प्रत्येक अभ्यासक्रम एकेका प्राध्यापकाकडे असे. उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याने त्या लांबलचक यादीतून आपले अभ्यासक्रम निवडावयाचे. काही वर्गांत प्राध्यापक व्याख्यान देत. काही वर्ग चर्चेसाठी असत. तेथे विद्यार्थ्याने स्वतः अभ्यास करून निबंध लिहावयाचा, तो सर्वांपुढे वाचावयाचा आणि इतरांनी विचारलेल्या शंकांना उत्तरे द्यावयाची. अशा वर्गात पाठांतराने भागत नाही. स्वतःचा विचार असावा लागतो.

पदवीपुरते अभ्यासक्रम घेऊन भीमराव थांबले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. उरलेला वेळ त्यांना शहर पाहण्यात घालविता आला असता. न्यूयॉर्कमध्ये पाहण्यासारखे पुष्कळ होते. परंतु त्यांनी तीन वर्षांत किती अभ्यासक्रम घेतले, याची नोंद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन या भाषांचा प्रत्येकी १. या आकड्यांची बेरीज केली, तर ती भरते साठ!

साठ अभ्यासक्रम! ही संख्या ऐकून प्रथम वाटते, की ज्याला जे दिसेल ते हवे असते, असा हा कोणी हावरा विद्यार्थी असावा. पण नीट पाहिले, तर या यादीत एक सूत्र दिसते. साताऱ्याच्या शाळेतील त्या मुलाचा प्रश्न पुन्हा मांडून पाहावा. काही माणसे पिढ्यान् पिढ्या दरिद्री का राहतात? राज्याचा पैसा कोठून येतो आणि कोणावर खर्च होतो? हे अर्थशास्त्र सांगते. ही स्थिती पूर्वीपासून अशीच होती काय? ते इतिहास सांगतो. माणसे गट करून का राहतात आणि एक गट दुसऱ्याला दूर का लोटतो? हे समाजशास्त्राचे व मानववंशशास्त्राचे क्षेत्र. न्याय म्हणजे काय, हे तत्त्वज्ञानाने शोधावयाचे. न्याय कायद्यात कसा उतरवावयाचा, हे राज्यशास्त्राने दाखवावयाचे. आणि फ्रेंच व जर्मन? त्या भाषांतून युरोपातील विद्वानांनी पुष्कळ ग्रंथ लिहिले होते. भाषा म्हणजे कुलुपाची किल्ली. किल्ली हाती असली, तर दुसऱ्याच्या भाषांतराची वाट पाहावी लागत नाही.

असे पाहिले म्हणजे साठ अभ्यासक्रम ही साठ वेगळी ओझी राहत नाहीत. एकाच विहिरीचे पाणी काढण्यासाठी वळलेले ते साठ दोर ठरतात.

या काळात भीमरावांची राहणी काटकसरीची होती. शिष्यवृत्तीची रक्कम मोठी नव्हती आणि तीतूनच काही भाग मुंबईस घरी पाठवावयाचा असे. घरी पत्नी रमाबाई आणि लहान मुलगा यशवंत होते. पोटाला चिमटा घेऊन पैसे वाचवावयाचे आणि त्यांतून जुनी पुस्तके विकत घ्यावयाची, असा त्यांचा क्रम होता. न्यूयॉर्कमधील जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमविली, असे चरित्रकार सांगतात. लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना हे पारशी विद्यार्थी त्यांच्याबरोबर राहत होते. त्या दोघांची मैत्री पुढे जन्मभर टिकली.

अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे आपल्या विषयातील नावाजलेले पंडित होते. सरकार कर कसे बसविते आणि त्यांचा भार कोणावर पडतो, या विषयात त्यांचा अधिकार मोठा मानला जाई. भीमरावांनी त्यांना एकदा विचारले, की संशोधन करावयाचे तर कोणती पद्धत अवलंबावी? विद्यार्थ्याची अपेक्षा अशी असावी, की गुरुजी एखादा नेमका मार्ग आखून देतील. सेलिग्मन यांनी मात्र निराळेच उत्तर दिले. मनापासून काम करीत राहा, म्हणजे तुमची पद्धत तुम्हांला आपोआप सापडेल, असे त्यांच्या सांगण्याचे तात्पर्य होते.

हे उत्तर ऐकून एखादा विद्यार्थी निराश झाला असता. गुरूने वाट दाखविली नाही, असे त्याला वाटले असते. वास्तविक गुरूने वाट दाखविलीच होती. पोहण्याचे नियम काठावर बसून पाठ करता येतात. पण पोहणे पाण्यात उतरल्यावाचून येत नाही. अभ्यासक्रम ही चालण्याची जागा आहे. चालावयाचे ज्याचे त्यानेच. भीमराव तेथून पुढे कामाला लागले, ते पुन्हा कोठे थांबले नाहीत.

त्यांच्या मार्गात मोहाचे प्रसंगही आले. त्याच सुमारास थोर देशभक्त लाला लजपतराय हे अमेरिकेत आले होते आणि तेथील भारतीय तरुणांना स्वातंत्र्याच्या कार्यात ओढीत होते. त्यांची व भीमरावांची भेट झाली. देशकार्याची हाक कोणाही तरुणाचे मन हलवील अशीच होती. परंतु आपण विद्यार्थी आहोत, महाराजांनी दिलेल्या साहाय्याशी आपण बांधलेले आहोत आणि हाती घेतलेला अभ्यास प्रथम पूर्ण केला पाहिजे, अशी भीमरावांची भूमिका होती. त्यांनी ती आदराने पण स्पष्टपणे मांडली. देशाविषयी त्यांना आस्था नव्हती, असा याचा अर्थ नव्हे. देशाचे काम करावयाचे, तर त्यासाठी लागणारी हत्यारे आधी घडविली पाहिजेत, असे त्यांना वाटत होते.

काही वर्गांतून त्यांना अपेक्षेहून अधिक मिळाले. जॉन ड्यूई हे कोलंबियातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. शिक्षण म्हणजे केवळ माहितीचा साठा नव्हे. एकत्र राहून, एकमेकांशी विचारांची देवघेव करून माणूस शिकतो. आणि लोकशाही ही केवळ राज्य करण्याची रीत नसून एकत्र जगण्याची रीत आहे, असा त्यांचा विचार होता. ज्याला शाळेत सर्वांपासून वेगळे बसविले गेले, त्या विद्यार्थ्याच्या मनात हे विचार किती खोलवर गेले असतील, याची कल्पना करता येते. त्याला जे दुःख म्हणून ठाऊक होते, त्याला येथे नाव मिळाले आणि त्यावरील उपायाची दिशाही दिसली. पुढे इ. स. १९३६ मध्ये जातिव्यवस्थेवर लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात बाबासाहेबांनी ड्यूई यांचा आपले गुरू म्हणून कृतज्ञतेने उल्लेख केला. ड्यूई, सेलिग्मन, शॉटवेल व रॉबिन्सन हे प्राध्यापक आणि काही सहाध्यायी हेच आपले आयुष्यातील जिवलग मित्र होत, असेही त्यांनी एके ठिकाणी लिहिले आहे. गुरूंना मित्र म्हणणारा हा शिष्य किती धन्य, आणि ज्यांना शिष्याने मित्र म्हटले, ते गुरूही किती धन्य!

परिश्रमाचे फळ दिसू लागले. प्राचीन भारतातील व्यापारावर प्रबंध लिहून इ. स. १९१५ मध्ये भीमरावांनी एम. ए. ची पदवी मिळविली. त्यानंतरचा दिवस आहे ९ मे १९१६. मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात त्या दिवशी भीमराव आपला निबंध वाचावयास उभे राहिले. निबंधाचा विषय होता, भारतातील जाती, त्यांची घडण, उत्पत्ती आणि वाढ.

वय होते पंचवीस वर्षांचे. समोर परक्या देशातील विद्वान बसलेले. त्या निबंधात त्यांनी रडगाणे गायिले नाही किंवा कोणाला शिव्याशाप दिले नाहीत. शास्त्रज्ञ जसा एखाद्या वस्तूची तपासणी करतो, तशी त्यांनी जातीची तपासणी केली. जातीचे मुख्य लक्षण म्हणजे आपल्याच गटात विवाह करण्याचे बंधन, असे त्यांनी दाखविले. एका वर्गाने आपल्याभोवती कुंपण घातले; इतरांनी काही अंशी त्याचे अनुकरण केले आणि काहींना तर कुंपण बाहेरून लागलेलेच आढळले. कोणा एका शास्त्रकाराने जाती निर्माण केल्या, हे खरे नाही, असे त्यांनी मांडले. जी गोष्ट माणसांच्या वागण्यातून निर्माण झाली, तिचा माणसांना विचार करता येतो आणि तिच्यात बदलही करता येतो, असा बोध त्यातून सहज निघतो. हा निबंध मे १९१७ मध्ये छापला गेला.

साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसलेल्या मुलाने मनात विचारले होते, हे असे का? न्यूयॉर्कच्या विद्यापीठात उभे राहून त्याच मुलाने त्या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर शोधण्यास प्रारंभ केला होता.

इ. स. १९१६ मध्ये भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नासंबंधीचा प्रबंध त्यांनी विद्यापीठास सादर केला आणि त्याच वर्षी ते पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि इ. स. १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्यास नोकरीवर हजर झाले.

येथे या गोष्टीतील सर्वांत कठीण भाग येतो. एवढी विद्या मिळविल्यावर आता तरी लोक आपल्याला माणूस म्हणून वागवतील, अशी अपेक्षा त्यांनी केली असती, तर ती वाजवीच ठरली असती. परंतु बडोद्यात त्यांना राहावयास जागा मिळेना. कचेरीतील शिपाईदेखील त्यांच्या हातात कागद न देता दुरून मेजावर टाकीत. जात लपवून ते एका पारशी विश्रांतिगृहात राहिले. पण अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांनी त्यांना तेथून बाहेर काढले. सारा दिवस जागेचा शोध करूनही उपयोग झाला नाही. एका सार्वजनिक बागेत झाडाखाली बसलेल्या त्या विद्वान तरुणाच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले.

मग साठ अभ्यासक्रमांचा उपयोग काय झाला? विद्या व्यर्थ गेली काय?

मुळीच नाही. एका माणसाने विद्या मिळविली, म्हणून समाजाचा दोष एका दिवसात नाहीसा होत नाही. परंतु त्या दोषाशी झुंजण्याचे बळ विद्येने मिळते. त्या प्रसंगानंतर बाबासाहेबांनी हाय खाल्ली नाही. त्यांनी मुंबईस प्राध्यापकाची नोकरी केली, पैसा साठविला आणि इ. स. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तेथे रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथाबद्दल इ. स. १९२३ मध्ये त्यांना डी. एस्सी. ही पदवी मिळाली. ते बॅरिस्टरही झाले. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ इ. स. १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना होती प्राध्यापक सेलिग्मन यांची, आणि तो अर्पण केला होता सयाजीराव महाराजांना. इ. स. १९२७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. ही पदवी दिली. मार्ग आखून न देणाऱ्या गुरूनेच अखेर शिष्याच्या ग्रंथाचे स्वागत केले.

इ. स. १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. २९ ऑगस्ट १९४७ रोजी संविधानाचा मसुदा तयार करण्यासाठी समिती नेमण्यात आली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. राज्याचा पैसा, केंद्राचे व प्रांतांचे अधिकार, नागरिकांचे हक्क, न्यायाची व्यवस्था हे सारे प्रश्न त्या कामात एकत्र आले होते. तरुणपणी अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र व तत्त्वज्ञान यांचे जे दोर त्यांनी वळले होते, ते सर्व आता एकाच वेळी उपयोगी पडले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने संविधान स्वीकारले. त्याच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण करण्यास मनाई केली. भरल्या नळाजवळ तहानलेल्या मुलाला उभे ठेवणे हा आता कायद्याने अपराध झाला.

५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्मानाची पदवी अर्पण केली. त्यासाठी ते पुन्हा न्यूयॉर्कला गेले. सुमारे एकोणचाळीस वर्षांपूर्वी याच शहरात उतरलेला तो बावीस वर्षांचा विद्यार्थी त्या दिवशी त्यांना आठवला असेल काय? त्या विद्यार्थ्याजवळ पैसा थोडा होता आणि वेळ मोजका होता. पण प्रश्न मात्र मोठा होता.

नवे वर्ष सुरू झाले, नवी पुस्तके हाती आली, की या पुस्तकांनी आपल्याला काय द्यावे, याचा विचार प्रत्येक मुलाच्या मनात येतो. तो विचार चांगलाच. पण त्याच्या जोडीला आणखी एक विचार असावा. आपण या पुस्तकांपाशी कोणता प्रश्न घेऊन जात आहोत? ज्याच्याजवळ प्रश्न असतो, त्याला कोणताही विषय परका वाटत नाही. ज्याच्याजवळ प्रश्न नसतो, त्याच्यापुढे साठ अभ्यासक्रम मांडले, तरी त्याची ओंजळ रिकामीच राहते.

स्वाध्याय

१. भीमरावांनी अमेरिकेस जाताना आपल्याबरोबर कोणता प्रश्न नेला होता? तो त्यांच्या मनात कसा निर्माण झाला?

२. कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणपद्धती आणि मुंबईतील त्या काळची पद्धती यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.

३. 'एकाच विहिरीचे पाणी काढण्यासाठी वळलेले साठ दोर' असे अभ्यासक्रमांना का म्हटले आहे?

४. सेलिग्मन यांनी भीमरावांना दिलेले उत्तर कोणते? ते तुम्हांला पटते काय? कारणे द्या.

५. बडोद्यातील प्रसंग वाचून विद्येच्या उपयोगाविषयी तुम्हांला काय वाटले, ते दहा ओळींत लिहा.

६. या वर्षी तुम्ही शिकत असलेल्या विषयांपैकी एक विषय निवडा. त्या विषयाकडून तुम्हांला ज्याचे उत्तर हवे आहे, असा तुमचा स्वतःचा एक प्रश्न लिहा.